पिंग जाते, पान उघडत नाही

लिनक्स संगणकावर व्हीपीएन सुरू केले. त्याचा इंटरफेस चालू दिसतो, त्याला पत्ता मिळाला आहे, पलीकडच्या संगणकाला पिंग केले तर लगेच उत्तरही येते. तरी संकेतस्थळाचे पान अर्ध्यावर अडकते. दूरच्या संगणकावर लॉगिन होते, पण फायलींची लांबलचक यादी मागितली की पडदा गोठतो. वैतागून पुष्कळ जण व्हीपीएनच बंद करतात, म्हणजे ज्या संरक्षणासाठी ते बसवले तेच काढून टाकतात!

लहान जाते आणि मोठे अडकते, ही खूण लक्षात घेऊ या. लिनक्सवरचे साधे पिंग अवघ्या ८४ बाइटचे असते. पानातला मजकूर मात्र मोठमोठ्या पॅकेटांतून येतो.

इथरनेटवर एका पॅकेटची कमाल लांबी सामान्यतः १५०० बाइट असते. या मर्यादेला एमटीयू म्हणतात. व्हीपीएन आपले पॅकेट कूटबद्ध करून दुसऱ्या पॅकेटात घालते. लिफाफा लिफाफ्यात घातला की बाहेरचा मोठा होणारच. वायरगार्ड या व्हीपीएनचे बाहेरचे आवरण ६० बाइटचे असते : आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि त्याचे स्वतःचे ३२. आयपीची सहावी आवृत्ती वापरली तर ८०. म्हणून त्याच्या इंटरफेसचा एमटीयू बहुधा १४२० ठेवलेला आढळतो. हिशेब चोख आहे, पण वाट पूर्ण १५०० ची असेल तरच. पीपीपीओई पद्धतीच्या ब्रॉडबँडवर ती १४९२ च भरते. मोबाइलच्या जाळ्यात कधी त्याहूनही कमी.

वाट अरुंद असल्यास मधल्या राउटरने 'पॅकेट मोठे आहे' असा निरोप उलट धाडावा, अशी सोय १९९० सालीच ठरली. हा निरोप आयसीएमपी संदेशाच्या रूपाने येतो, आणि कित्येक फायरवॉल सुरक्षेच्या नावाखाली असे सगळेच संदेश अडवतात. ही दक्षता आम्हाला तरी आंधळी वाटते. पाठवणाऱ्याला काही कळत नाही. तो तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

तेव्हा वाट आपणच मोजावी. व्हीपीएन थांबवून त्याच्या सर्व्हरला आधी साधे पिंग करावे. उत्तर आले, तर 'तुकडे करू नयेत' हा पर्याय लावून १४७२ बाइट मजकुराचे पिंग पाठवावे. १४७२ च का? शीर्षकांचे २८ मिळवले की १५०० होतात. उत्तर न आल्यास आकडा उतरवत जावे. समजा, १४१२ ला उत्तर येते आणि १४१३ ला येत नाही. म्हणजे वाट १४४० ची. त्यातून आवरणाचे ६० वजा केले की उरतात १३८०. हाच इंटरफेसचा नवा एमटीयू, शक्यतो दोन्ही टोकांना. मात्र तो १२८० च्या खाली नेऊ नये. तिथे आयपीची सहावी आवृत्ती चालत नाही.

आज्ञा देऊन केलेला बदल इंटरफेस पुन्हा उभा राहिला की पुसला जातो. त्यामुळे १३८० चालतो अशी खात्री झाल्यावर तो वायरगार्डच्या मांडणी-फायलीत, इंटरफेसच्या विभागात लिहून ठेवावा.