उपचार मुंबईत, मुक्काम कुठे? रायपूरहून निघण्यापूर्वी जाणून घ्यावयाचे पर्याय

रायपूर : हावडा-मुंबई लोहमार्गावरील रायपूर ते मुंबई हे अंतर सुमारे 1,100 किलोमीटर आहे. रेल्वेने ते एका दिवसात कापता येते. अवघड प्रश्न पुढे उभा राहतो तो राहण्याचा. परीक्षा किंवा मुलाखतीसाठी जाणाऱ्या तरुणांना एक-दोन रात्री काढायच्या असतात, मात्र परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणाऱ्या कर्करुग्णांचा मुक्काम अनेक आठवड्यांचा असतो.

किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे चालतात. दीड हजार रुपये रोजाची साधी खोली घेतली, तरी सहा आठवड्यांचे भाडे 63 हजार रुपये होते. जेवण, औषधे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब त्यात नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींचे नातेवाईक मुंबईत असतात. तथापि एका खोलीच्या बिऱ्हाडात दोन माणसांचा दीड महिना पाहुणचार करणे यजमानांनाही झेपत नाही. मुक्कामाचा खर्च न पेलल्याने उपचार अर्धवट सोडण्याची वेळ येऊ शकते. म्हणूनच राहण्याची तजवीज हा उपचाराच्या नियोजनाचाच भाग ठरतो.

महानगरांत हल्ली खाटेच्या हिशेबाने भाडे आकारणारी हॉस्टेल सर्वत्र दिसतात. एका खोलीत सहा-आठ जणांची एकावर एक खाटांची व्यवस्था, सामानासाठी कुलूपबंद कपाट आणि सामायिक स्नानगृह, असे त्यांचे स्वरूप असते. जर्मनीतील शिक्षक रिचर्ड शिर्मान यांनी 1912 मध्ये अल्टेना येथील किल्ल्यात सुरू केलेल्या युवा वसतिगृहापासून ही पद्धत जगभर रुजली. एकट्या परीक्षार्थीसाठी ती सोयीची आहे. मात्र 18 वर्षांखालील पाहुण्यांना अनेक ठिकाणी प्रवेश नसतो. केमोथेरपीमुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती घटते आणि सामायिक खोलीत संसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे रुग्णासाठी हा पर्याय योग्य नाही.

एक-दोन रात्रींसाठी रेल्वेची विश्रामकक्षे आणि सामायिक शयनगृहे उपयोगी पडतात. त्यांचे आरक्षण आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर करता येते. मुंबई सेंट्रल स्थानकात नोव्हेंबर 2021 मध्ये 48 कप्प्यांचे पॉड हॉटेल सुरू झाले. तेथे प्रारंभी 12 तासांसाठी 999 रुपये आकारले जात होते.

दीर्घ मुक्कामासाठी खरा आधार धर्मशाळांचा आहे. गाडगे महाराजांच्या नावाने दादर पूर्वेला चालणारी धर्मशाळा कर्करुग्ण व त्यांच्या नातेवाइकांना अल्प दरात निवारा देते. परळ येथील नाना पालकर स्मृती समितीही बाहेरगावच्या रुग्णांची सोय करते. बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे 2006 पासून विनामूल्य निवास पुरवत आहेत. मागणीच्या तुलनेत जागा सर्वत्र अपुऱ्या आहेत. प्रवेशासाठी बहुधा रुग्णालयाची कागदपत्रे लागतात. म्हणून नोंदणी होताच रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाशी संपर्क साधणे श्रेयस्कर ठरते.

टाटा स्मारक केंद्राचे उपचार परळबरोबरच नवी मुंबईतील खारघर येथेही होतात. रुग्णाला कोठे बोलावले जाणार, हे कळण्यापूर्वी महिनाभराचे भाडे आगाऊ भरल्यास रोज शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याची वेळ येऊ शकते. पहिल्या तपासणीपुरती दोन रात्रींची सोय करून पुढील निर्णय तारखा मिळाल्यावर घेणे हिताचे.

कराचा भारही लक्षात घ्यावा लागतो. एक हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोल्यांना असलेली जीएसटी सवलत 18 जुलै 2022 पासून संपली आणि 12 टक्के कर लागू झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर पाच टक्के दर आहे. म्हणजे वरील उदाहरणातील 63 हजारांचे देयक 66 हजार 150 रुपयांवर जाते.

प्रवासखर्चात मात्र बचत शक्य आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेच्या शयनयान व तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात मूळ भाड्यात 100 टक्के, तर सोबतच्या एका व्यक्तीस 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र आवश्यक असते.

प्रत्येक उपचारासाठी मुंबई गाठणे अनिवार्यही नाही. रायपूरच्या डॉ. आंबेडकर स्मृती रुग्णालयात, तसेच नवा रायपूर येथील बाल्को मेडिकल सेंटरमध्ये कर्करोगावर उपचार होतात. निदान व उपचाराची दिशा मुंबईत ठरवून पुढील केमोथेरपी घराजवळ घेता येईल का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारता येतो. त्याचे उत्तर होकारार्थी आल्यास अनेक आठवड्यांच्या भाड्याची चिंता मिटते आणि रुग्णाला आपल्या माणसांत राहता येते.