एक देयक, दोन पॉलिसी : आपले कर्तव्य

आंतररुग्ण म्हणून दाखल होणाऱ्या काही रुग्णांजवळ आता दोन आरोग्यविमा पॉलिसी असतात. एक नोकरीतील सामूहिक, दुसरी स्वतः घेतलेली. घरी जाताना असा रुग्ण "वैद्यराज, बिलाची आणखी एक मूळ प्रत द्या" असे म्हणतो. आम्ही ती देत नाही. त्यामागील कारण सर्व व्यवसायबंधूंनी जाणून घेणे इष्ट ठरेल.

आरोग्यविम्याचे मूलतत्त्व क्षतिपूर्ती हे आहे. झालेला खर्च भरून मिळतो, त्यातून लाभ होत नाही. गृध्रसीच्या रुग्णाचा बस्तिचिकित्सेसह ग्राह्य खर्च १,४०,००० रुपये झाला आणि पॉलिसी १ लाख व ३ लाखांच्या आहेत, असे समजू. पूर्वी अंशदानाच्या अटीनुसार विमाराशीच्या प्रमाणात ३५,००० व १,०५,००० अशी विभागणी होई व रुग्णास दोन्हीकडे खेटे घालावे लागत. आता प्रथम कोणत्या पॉलिसीवर दावा करावयाचा, हे रुग्ण ठरवितो. पहिलीने १ लाख दिल्यास उर्वरित ४०,००० दुसरीकडून मागता येतात. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार त्यासाठी समन्वय साधण्याची जबाबदारी पहिल्या कंपनीवर आहे. दैनिक रोख रकमेसारख्या निश्चित लाभाच्या पॉलिसी मात्र स्वतंत्रपणे रक्कम देतात.

१ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना विम्यात इतर चिकित्सापद्धतींच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले आहे. त्यामुळे आपल्या कागदपत्रांची छाननीही तितकीच काटेकोर होणार. दुसरी कंपनी पहिलीचे दावा-निर्णयपत्र व देयकांच्या साक्षांकित प्रती मागते. दोहोंत तफावत आढळल्यास रुग्णाचे उर्वरित पैसे अडकतात. एकाच खर्चाची दोन मूळ देयके आढळल्यास प्रकरण फसवणुकीचे ठरते आणि त्यात वैद्यही गोवला जातो.

म्हणून निदान, दाखल करण्याचे कारण, दैनंदिन कर्मांची नोंद व मुक्तिपत्र यांत एकवाक्यता असावी. औषधविक्रेत्यांनी देयकावर रुग्णाचे नाव, दिनांक व औषधाचा बॅच क्रमांक अवश्य लिहावा. मूळ देयक एकच द्यावे. अधिक प्रतींवर 'सत्यप्रत' असा शिक्का व स्वाक्षरी करावी.

रुग्णाच्या हक्काचे पैसे त्यास मिळावेत यासाठी आपण एवढे तरी निश्चित करू शकतो.