निर्विचिकित्सा आणि न दुखणारी जखम

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी तिसरे अंग निर्विचिकित्सा. त्याचे उदाहरण म्हणून आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त उद्दायन राजाचे नाव घेतले आहे. व्याधिग्रस्त मुनीच्या रूपात आलेल्या देवाने आहारानंतर वांती केली, तरी राजाने किळस न करता शुश्रूषा केली, अशी ती कथा. कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या रुग्णाच्या घरी या अंगाची परीक्षा रोज होते.

गुहागरसारख्या नारळी-पोफळींच्या गावात झाडावरून पडून मणका मोडण्याचा धोका कोणाला नवा नाही. मज्जारज्जू दुखावला की हालचालीबरोबर संवेदनाही जाते. आपण नकळत कूस बदलतो, कारण दुखते. त्याला दुखतच नाही. हाडाखाली दबलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो आणि व्रण पडतो. दमट हवा, घाम व लघवीचा ओलावा त्यात भर घालतात.

भरलेला व्रण पुन्हा का उघडतो? नवी त्वचा मूळच्याइतकी बळकट नसते आणि दाब त्याच जागी पडत राहतो. खोल जखम शस्त्रक्रियेने जवळचा मांसल थर फिरवून झाकता येते. परंतु बैठक, गादी आणि सवय बदलली नाही तर तीही वाया जाते.

१९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी रुग्णाची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलण्याचा नेम घातला. खुर्चीत बसणाऱ्याने दर अर्ध्या तासाने पुढे झुकून एक-दोन मिनिटे भार हलका करावा. माकडहाड, बैठकीची हाडे, खुबे व टाचा रोज पाहाव्यात. रुग्णाच्या हाती आरसा द्यावा. दाबूनही न जाणारी लाली, उष्णपणा वा कडकपणा जाणवताच तेथील भार पूर्ण काढावा. ती जागा चोळू नये. रबरी रिंग टाळावी. दुर्गंधी, ताप वा काळी पडलेली त्वचा दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

वाहत्या जखमेतून प्रथिने जातात. म्हणून आहारात डाळी, कडधान्ये, दूध हवे. पर्वकाळातील उपवासाचा संकल्प रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच करावा.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. खुर्चीतून असे आयुष्य घडवायचे, तर आधी बसण्याची त्वचा शाबूत हवी.

वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप आहे. मध्यरात्री गजर लावून उठणाऱ्या घरच्या माणसाचे तप कोणाला दिसत नाही. त्याची एखादी पाळी आपण, शेजाऱ्यांनी, वाटून घ्यावी.