मेलेल्या झाडांचं छप्पर

तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा भुंगेरा जंगलच्या जंगल मारू शकतो, असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय!" पण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अगदी तसंच घडलं.

हा भुंगेरा पाइनच्या सालीखाली शिरून अंडी घालतो. अळ्या सालीचा आतला थर फस्त करतात आणि भुंगेऱ्याबरोबर आलेली बुरशी झाडाचं पाणीच तोडते. हिरवंगार झाड तांबडं पडलं, की समजायचं, गेलं! पूर्वी हिवाळ्यातली थंडी या अळ्यांना मारून टाकायची. थंडी म्हणजे आपल्यासारखी नव्हे, उणे ४० अंशांच्या आसपासची! पण हिवाळे उबदार होत गेले. त्यात वर्षानुवर्षं वणवे विझवल्यामुळे म्हाताऱ्या पाइनची दाटी झालेली. १९९० च्या दशकापासून भुंगेऱ्यांचं चांगलंच फावलं. सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला झळ बसली. आपल्या अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त, बरं का!

आता या मेलेल्या झाडांचं करायचं काय? झाड वाढताना हवेतला कार्बन आपल्या लाकडात साठवतं. ते कुजलं किंवा जळलं, की तो परत हवेत. म्हणजे हवा आणखी तापणार! लाकूड वेळेवर कापून वापरलं, तर कार्बन आतच राहतो. पण बुरशीमुळे या लाकडावर निळे डाग पडतात. ताकद काही कमी होत नाही, तरी निळी फळी पाहून गिऱ्हाईक नाक मुरडायचं.

अशा वेळी ऑलिंपिक धावून आलं! २०१० चे हिवाळी खेळ व्हँकूव्हरला होते. बर्फावरच्या स्केटिंगच्या शर्यतींसाठी शेजारच्या रिचमंड शहरात, फ्रेझर नदीच्या काठी एक भलंमोठं सभागृह हवं होतं. ४०० मीटरची धाव, आणि मध्ये एकही खांब नको. छप्पर सुमारे सहा एकरांचं!

सुमारे १०० मीटर लांबीची तुळई कुठल्या झाडातून निघणार? कुठल्याच नाही. म्हणून डग्लस फरच्या फळ्या एकावर एक चिकटवून जाडजूड कमानी केल्या आणि त्यांना पोलादाची जोड दिली. कमानी आतून पोकळ! हवेचे नळ, विजेच्या तारा सगळं त्या पोकळीत लपलं. जाड लाकडाला आग लागली तर? आधी बाहेरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला बराच वेळ सांभाळतो.

कमानींच्या मधल्या छताला मात्र भुंगेऱ्यांनी मारलेल्या पाइनचं लाकूड वापरलं, सुमारे दहा लाख बोर्डफूट. (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड, हा झाला एक बोर्डफूट. आपल्या वखारीत घनफूट चालतो, तसा त्यांचा हा हिशेब.) साध्या, चिंचोळ्या पट्ट्या जोडून लाटांसारखी तावदानं केली. मध्ये फटी ठेवल्या. कशासाठी? रिकाम्या हॉलमध्ये ओरडून पाहा, आवाज कसा घुमतो! फटींत शिरलेला आवाज आतल्या मऊ थरात जिरतो. आणि छपरावर पडणारं पावसाचं पाणी साठवून संडासात सोडतात. ऑलिंपिकच्या छपराचं पाणी, आणि काम हे!

एका छपराने जंगल काही परत येत नाही. कोट्यवधी झाडांपुढे हे लाकूड म्हणजे चिमूटभर. पण ज्याला सगळे टाकाऊ म्हणत होते, ते लाकूड जगभरच्या पाहुण्यांच्या डोक्यावर दिमाखात चढलं, हे मला फार आवडलं.

आणखी एक शहाणपण सांगतो. ऑलिंपिक असतं १७ दिवसांचं. नंतर ओस पडलेली स्टेडियमं जगात कमी नाहीत. इथे आराखडा काढतानाच ठरलं होतं, की पाहुणे गेले की घर गाववाल्यांचं. खेळ संपल्यावर ती लांबलचक बर्फाची धाव काढून टाकली. आज तिथे बर्फाची दोन छोटी मैदानं आहेत, बास्केटबॉल-व्हॉलीबॉलची कोर्टं आहेत, पळण्याचा मार्ग आहे, ऑलिंपिकचं संग्रहालयसुद्धा आहे. रिचमंडची मुलं शाळा सुटली की तिथे खेळायला येतात. चेंडू उंच उडाला की नजर वर जाते, आणि वर असतं भुंगेऱ्यांचं उष्टं लाकूड.