ओ ग्रुपही ज्यांना चालत नाही

मंडळाच्या पॉटलकला माझ्या नावापुढचे 'डॉक्टर' ऐकून कुणी ना कुणी गुडघेदुखीवर औषध विचारतेच. मंडळी, माझी डॉक्टरेट रसायनशास्त्रातली आहे! गुडघ्यांबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण रक्ताच्या एका गोष्टीत रसायनशास्त्रही आहे आणि आपली मुंबईही, म्हणून ती सांगते.

आपल्यापैकी बरीच कुटुंबे मोठ्या शहरापासून दूर राहतात. हायवेवरचा अपघात असो की बाळंतपणातला रक्तस्राव, आधी गाठायचे ते गावातले छोटे हॉस्पिटल. तिथे रक्ताच्या मोजक्याच पिशव्या असतात. तांबड्या पेशी ४२ दिवस टिकतात, पण प्लेटलेट्स जेमतेम ५ ते ७ दिवस, त्यामुळे अनेक छोट्या ठिकाणी त्या ठेवतच नाहीत. तिथले डॉक्टर रक्तस्राव आटोक्यात आणतात, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देतात (ते पहिल्या तीन तासांत द्यावे लागते) आणि पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात हलवायची तयारी करतात. ग्रुप तपासायलाही वेळ नसेल तर सरळ ओ ग्रुपची पिशवी लावतात. 'ओ निगेटिव्ह कुणालाही चालते' हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, आणि ते जवळजवळ खरे आहे.

त्या 'जवळजवळ'चा शोध मुंबईत लागला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती दिली. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'.

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर बसली की 'एच' तयार होतो. एचवर आणखी एक विशिष्ट साखर चढली की ए ग्रुप, वेगळी चढली की बी, आणि काहीच चढले नाही तर ओ. बॉम्बे ग्रुपच्या माणसात तांबड्या पेशींवर फ्यूकोज बसवणारे एन्झाइमच काम करत नाही. म्हणजे पायाच नाही, मग वरचे मजले कुठून येणार? ए आणि बी नसल्याने पहिल्या साध्या तपासणीत हा ग्रुप ओ म्हणूनच दिसतो. पण या माणसाच्या शरीरात एचविरुद्ध अँटिबॉडीज असतात, आणि सर्वांत जास्त एच असतो तो ओ ग्रुपच्या पेशींवर! त्यामुळे इतरांचा जीव वाचवणारी पिशवी याच्या जिवावर उठू शकते.

मुंबईकडे हा ग्रुप साधारण दहा हजारांत एकाचा असतो, तर युरोपीय वंशाच्या लोकांत दहा लाखांत एखाद्याचा. इथल्या छोट्या हॉस्पिटलातल्या टेक्निशियनने तो जन्मात पाहिलेला नसेल. म्हणून थोडी काळजी आपणच घेतलेली बरी.

हा ग्रुप आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच होतो. म्हणून घरात एकाचा असेल तर प्रत्येक सख्ख्या भावंडाचाही असण्याची शक्यता साधारण चारात एक असते. आते-मामे भावंडांत लग्ने झालेल्या घराण्यांत शक्यता आणखी वाढते. घरात कुणाचा असा ग्रुप असेल किंवा रक्त जुळवताना पूर्वी अडचण आली असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे, भावंडांनी तपासणी करून घ्यावी आणि पाकिटात कार्ड ठेवावे. गरोदरपणात इथे 'अँटिबॉडी स्क्रीन' करतातच; तिचा निकाल काय आला ते जरूर विचारावे. असा ग्रुप निघाला तर बाळंतपण कुठे करायचे ते आधीच ठरवता येते. ग्लिसरॉल घालून गोठवलेल्या तांबड्या पेशी १० वर्षे टिकतात, आणि दुर्मिळ दात्यांचे रक्त शोधून देण्यासाठी १९९८ पासून 'अमेरिकन रेअर डोनर प्रोग्रॅम' आहे.

आणि बाकीच्यांनी? रक्तदान करावे. भारतवारीहून आल्यावर काही काळ रक्त घेत नाहीत, तेव्हा बॅगा भरायच्या आधीच देऊन यावे. असा दुर्मिळ दाता सापडायचा तर तो आपल्यासारख्यांच्या रांगेतच सापडणार!