बंद मिनी संगणकाला पुन्हा वीज देताना

‘मिनी संगणक’ हे नाव ज्या यंत्रांना मिळाले ती आजच्या मोजमापाने मुळीच लहान नव्हती. गोदरेजच्या कपाटाएवढ्या लोखंडी सांगाड्यात एकाखाली एक बसवलेले संगणकाचे मुख्य अंग, वीजपुरवठ्याचा जड खोका आणि फितीचे किंवा तबकडीचे यंत्र असा हा पसारा असे, आणि स्वतंत्र वातानुकूलित दालन व्यापणाऱ्या मेनफ्रेम यंत्रांच्या तुलनेत तेवढा आकारही अल्प वाटत असे. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने 1965 मध्ये पीडीपी-8 हा बारा बिटांचा, म्हणजे एका वेळी बारा द्विमान अंकांवर काम करणारा संगणक सुमारे 18,000 डॉलरना बाजारात आणला, तेव्हा एखाद्या प्रयोगशाळेने किंवा कारखान्याने स्वतःचा संगणक बाळगणे आवाक्यात येऊ लागले. 1970 मध्ये त्याच कंपनीचा सोळा बिटांचा पीडीपी-11 आला आणि पुढील दीड दशक जगभरातील कारखान्यांच्या नियंत्रणकक्षांत या जातीच्या यंत्रांचाच वावर राहिला.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला संबंध केवळ ग्राहकाचा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक 1960 मध्ये कामाला लागला आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. तो निर्वात नळ्यांचा मोठा संगणक होता. खऱ्या अर्थाने मिनी म्हणता येईल असा भारतीय संगणक तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 1969 मध्ये सिद्ध झाला. ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’ या नावावरून त्याला टीडीसी-12 म्हणत आणि त्याचे उत्पादन हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने केले. टीडीसी-312 आणि सोळा बिटांचा टीडीसी-316 ही त्याची पुढची भावंडे. ब्रिटिश आयसीएल कंपनीच्या आयसीआयएम या भारतीय उपकंपनीने पुण्यात 1901ए या संगणकांची निर्मिती केली, आणि कालांतराने त्याच कंपनीचे रूपांतर झेन्सारमध्ये झाले. 1978 मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला, तेव्हा तिने मागे ठेवलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. सीएमसी या आद्याक्षरांतला मधला ‘एम’ मूळचा ‘मेंटेनन्स’चा, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण नवे यंत्र सहजासहजी आयात करता येत नसे त्या काळात दुरुस्ती हीच या देशातील संगणकविद्येची पहिली शाळा होती.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. येथील कोणत्याही यंत्रशाळेत ‘सीएनसी’ हा शब्द दिवसातून अनेकदा उच्चारला जातो. परंतु 1970 च्या दशकाच्या आरंभी जेव्हा संख्यानियंत्रित यंत्रांना संगणकाची जोड मिळाली, तेव्हा नियंत्रणपेटीतील तो संगणक पुष्कळदा मिनी संगणकच असे. सूक्ष्मप्रक्रियक, म्हणजे एकाच चकतीवर (चिपवर) सामावलेले संगणकाचे मुख्य अंग, स्वस्त झाल्यावर त्याने मिनीला त्या पेटीतून बाहेर काढले. तोवर मोठ्या कारखान्यांत पगारपत्रके, साठ्याचे हिशेब आणि उत्पादनाचे वेळापत्रक सांभाळणारा ‘ईडीपी विभाग’ स्थिरावला होता, आणि वैयक्तिक संगणक आल्यावर त्या विभागांतील कपाटे एकेक करून गोदामात गेली.

गोदामातून पुढची वाट बहुधा भंगाराचीच असते. जुन्या सर्किट कार्डांच्या जोडकडांवर सोन्याचा मुलामा आजच्या कार्डांपेक्षा जाड असतो, त्यामुळे भंगाराच्या व्यवहारात अशा यंत्राची किंमत त्यातील सोने, तांबे आणि अ‍ॅल्युमिनिअम यांच्या वजनावर ठरते आणि त्याची ओळख पटण्याआधीच त्याचे तुकडे होतात. पुणे–नाशिक महामार्गावरील मोशी या गावाच्या हद्दीत एकीकडे नवी यंत्रे मांडली जाणारी प्रदर्शनाची मोठी मैदाने आहेत आणि दुसरीकडे शहराचा कचरा डेपो आहे. भोसरीची औद्योगिक वसाहत लागूनच आहे. येथे एखादे जुने कपाट एखाद्या शेडच्या कोपऱ्यातून बाहेर निघाले तर त्याला पुन्हा चालते करण्यासाठी लागणारी बहुतेक कारागिरी पाच-दहा किलोमीटरच्या परिघात मिळते, हे मोशीचे खरे वैशिष्ट्य मानले पाहिजे. मोटरचे रीवाइंडिंग करणारे, रोलरवर नवे रबर चढवणारे, कंट्रोल पॅनेलचे वायरिंग करणारे, बंद पडलेल्या आयात यंत्रांचे ‘रेट्रोफिट’ करणारे कारागीर येथे आहेत. उणीव असते ती कामाचा क्रम ठाऊक असण्याची.

त्या क्रमातील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की दीर्घकाळ बंद असलेल्या यंत्राला थेट वीज देऊ नये. ‘चालू होते का ते पाहू’ म्हणून दाबलेल्या एका बटणाने जितकी यंत्रे कायमची गेली असतील तितकी काळाने नेली नसतील. आधी प्रत्येक कार्ड कोणत्या खाचेत आहे, प्रत्येक केबल कोठून कोठे जाते, याची छायाचित्रे आणि चिठ्ठ्या यांच्यासह नोंद करावी लागते, कारण खाच चुकली तर चुकीचा व्होल्टेज चुकीच्या पिनवर जातो. मग साफसफाई येते. पुणे परिसरातील चार महिन्यांच्या पावसाळी दमटपणाने जोडकडांवर गंज आणि बुरशी धरते, उंदरांनी तारा कुरतडलेल्या असतात आणि त्यांच्या मूत्राने तांब्याच्या रेषा खाल्लेल्या असतात. आवाज व धूळ रोखण्यासाठी आत चिकटवलेला फोम कालांतराने विरघळून काळ्या चिकट लगद्यासारखा कार्डांवर उतरतो. मऊ ब्रश, व्हॅक्यूम क्लीनर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढ्या साधनांवर हे काम होते, पण त्याला काही आठवडे द्यावे लागतात.

वीजपुरवठा हा यंत्राचा सर्वांत धोक्याचा भाग. त्यात डब्याएवढी मोठी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवून प्रवाहातील चढउतार सपाट करणारी धारित्रे, असतात. त्यांच्यातील अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच विजेला अडवून धरतो. धारित्र वर्षानुवर्षे विजेविना राहिले की हा थर क्षीण होत जातो, आणि एकदम पूर्ण दाब दिल्यास प्रवाह आरपार गळू लागतो, आतील द्रव तापतो, वायू तयार होतो आणि डबा फुटतो. यावर उपाय आहे. धारित्र सुटे करून, मोठ्या रोधामार्गे, अल्पसा दाब देत तो काही तासांत हळूहळू वाढवत नेला, तर त्याच गळणाऱ्या प्रवाहाने ऑक्साइडचा थर पुन्हा तयार होतो आणि मीटरवरील गळती उतरत जाते. गळती उतरलीच नाही किंवा आतील द्रव सुकल्याने धारणक्षमता घटली असेल, तर मात्र धारित्र बदलण्याशिवाय गत्यंतर नसते.

त्यानंतर संपूर्ण वीजपुरवठा तपासताना येथील प्रत्येक इलेक्ट्रिशिअनला परिचित असलेली दोन साधने उपयोगी पडतात. एक सीरिज लॅम्प, म्हणजे वाटेत जोडलेला दिवा, जो शॉर्ट असल्यास स्वतः पूर्ण पेटून पुढील यंत्राला वाचवतो; दुसरे डिमरस्टॅट, ज्याची मूठ फिरवून 230 व्होल्टचा दाब शून्यापासून वर नेता येतो. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे: हा हळूहळू दाब चढवण्याचा मार्ग जड ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या, साध्या वीजपुरवठ्यांसाठी योग्य आहे, नंतरच्या काळातील ‘स्विचिंग’ पद्धतीच्या वीजपुरवठ्याला अपुरा दाब दिल्यास तो अधिक प्रवाह ओढतो आणि त्यामुळेच जळू शकतो. अमेरिकेत बनलेल्या यंत्रांबाबत व्होल्टेजशिवाय वारंवारितेचाही प्रश्न येतो. तेथील वीज 60 हर्ट्झची, येथील 50 ची, म्हणून तबकडीच्या यंत्राच्या मोटरची पुली बदलल्याशिवाय तबकडी योग्य गतीने फिरत नाही. अशी पुली लेथवर काढणे भोसरीतील कारागिराला अवघड नाही. शेवटी, कार्डे बाहेरच ठेवून, त्यांच्याऐवजी रोध किंवा मोटारगाडीचे बल्ब भार म्हणून जोडून व्होल्टेज तपासले जातात, कारण टीटीएल जातीच्या चकत्यांना 5 व्होल्ट लागतात आणि 7 च्या पुढचा दाब त्या सहन करू शकत नाहीत.

यंत्राचा सर्वांत विलक्षण भाग म्हणजे त्याची स्मृती. एक मिलिमीटरहून लहान फेराइटची कडी बारीक तारांच्या जाळीत ओवलेली असतात आणि प्रत्येक कडे एका दिशेने किंवा उलट दिशेने चुंबकित होऊन एक बिट धरून ठेवते. 4096 शब्दांच्या बारा बिटांच्या स्मृतीत अशी 49,152 कडी असतात, आणि ती बहुतांशी स्त्रियांच्या हातांनी, भिंगाखाली ओवली गेली. एका आडव्या आणि एका उभ्या तारेतून निम्मा निम्मा प्रवाह सोडला की दोन्ही जेथे मिळतात तेवढेच एक कडे उलटते. वाचनाची रीत अशी की कडे बळेच शून्याकडे वळवायचे आणि त्या वेळी तारेत स्पंद उमटला तर तेथे एक होता असे समजायचे. वाचताना मजकूर पुसला जात असल्याने यंत्र तो लगेच पुन्हा लिहिते. ही स्मृती विजेविना टिकते. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी यंत्र बंद करताना कड्यांत जे होते ते आजही तेथे असू शकते, आणि स्मृतीच्या चालक कार्डांना प्रथम वीज देताना क्रम चुकला तर तेच पुसले जाण्याचा धोका असतो. म्हणून स्मृतीला हात लावण्यापूर्वी बाकी सर्व काही निर्दोष असल्याची खात्री करावी, आणि पहिले काम म्हणून आतील मजकूर उतरवून घ्यावा, असा आग्रह धरणे योग्य होय. एखाद्या कारखान्याच्या यंत्रनियंत्रणाचा एकमेव उरलेला कार्यक्रम त्या कड्यांत असेल, तर त्याचे मोल सोन्याच्या मुलाम्याने ठरत नाही.

दोष शोधण्याची पद्धतही या रचनेतूनच येते. सर्व पत्त्यांवर एकच ठरावीक बिट चुकत असेल तर दोष त्या बिटाच्या संवेदक वर्धकात किंवा लेखन-चालकात असतो. सर्व बिट पण ठरावीक पत्त्यांपुरतेच चुकत असतील तर आडव्या-उभ्या तारांचे चालक किंवा डायोड तपासावे लागतात. जाळीतील तारच तुटली असेल तर दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते. उरलेल्या कार्डांवरील 7400 मालिकेच्या चकत्या मात्र आजही बाजारात मिळतात, आणि मूळ रेखाचित्रे हाताशी असली तर ऑसिलोस्कोपने संकेताचा माग काढत एकेक दोष गाठता येतो.

यंत्र प्रथम ‘बोलते’ ते पुढील फळीवरील दिव्यांतून. पीडीपी-8 सारख्या यंत्रात बारा कळा वरखाली करून पत्ता आणि सूचना हाताने भरता येतात. बारा बिट तीन-तीनच्या गटांनी वाचत असल्याने प्रत्येक शब्द 0 ते 7 या अंकांच्या चार आकड्यांत लिहिला जातो. 0200 या पत्त्यावर 7001, म्हणजे ‘संचयकात एक मिळवा’, आणि 0201 वर 5200, म्हणजे ‘पुन्हा 0200 कडे जा’, अशा दोनच सूचना भरून यंत्र एकेक पायरीने चालवले, तर दिव्यांवर 1, 2, 3 अशी मोजणी दिसली पाहिजे. ती योग्य चालली की अंकगणित, स्मृती, पत्ता आणि नियंत्रण या चारही अंगांची पहिली परीक्षा एकदम पार पडते. नंतर हातानेच सोळा-सतरा सूचनांचा छोटा भारक-कार्यक्रम (लोडर) भरून, त्याच्या आधारे छिद्रित कागदी फितीवरून निर्मात्यांचे चाचणी कार्यक्रम आत घेतले जातात.

तबकडी आणि फिती यांची कथा अधिक कष्टाची असते. तबकडीवर तरंगणारे वाचनशीर्ष धुळीच्या एका कणाने आपटून पृष्ठभाग खरवडते, चुंबकीय फितीचा लेप चिकट होऊन सुटू लागतो आणि रबरी रोलर डांबरासारखे वितळलेले असतात. अनेक जाणकार अशा वेळी जुने तबकडी-यंत्र तसेच जपून ठेवून त्याच्या जागी तेच संकेत देणारे आधुनिक सर्किट जोडतात. हे मूळ यंत्राशी प्रतारणा आहे काय, यावर संग्रहालयांत मतभेद आहेत. तरी जुनी यंत्रे चालती करून दाखवणारी संग्रहालये आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या संगणक इतिहास संग्रहालयाने पीडीपी-1 हे यंत्र चालते करून त्यावर ‘स्पेसवॉर’ हा 1962 चा खेळ प्रेक्षकांना दाखवला. इंग्लंडमधील ब्लेचली येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयाने गोदामात पडलेला, 1951 चा हार्वेल डेकाट्रॉन नोव्हेंबर 2012 मध्ये पुन्हा सुरू केला. जो बदल केव्हाही मागे घेता येतो तो करण्यास हरकत नसावी, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून यंत्रासोबतच ठेवावा, ही भूमिका सर्वांत समंजस वाटते.

अशी यंत्रे आजच्या संगणकावर हुबेहूब अनुकरणाने चालवणारे सिमएच सारखे कार्यक्रम उपलब्ध आहेत आणि दुरुस्तीतही त्यांचा मोठा उपयोग होतो, कारण तीच चाचणी दोन्हीकडे चालवून खरे यंत्र नेमके कोणत्या सूचनेवर वाट चुकते ते ताडता येते. ज्ञानाचा दुसरा साठा मात्र कोणत्याही कार्यक्रमात नाही. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ईडीपी विभागांतून व देखभाल कंपन्यांतून निवृत्त झालेले अभियंते आणि तंत्रज्ञ आज सत्तरीत, ऐंशीत आहेत; कोणत्या कार्डाचा कोणता जोड पावसाळ्यात हटकून सैल पडे, कोणत्या पंख्याचे बेअरिंग आधी जाई, हे त्यांना ठाऊक आहे आणि ते रेखाचित्रांत लिहिलेले नाही. कपाट उघडण्याआधी त्यांच्यापैकी कोणाला तरी समोर बसवून हे सारे लिहून घ्यावे, आणि ती वही यंत्राच्या आराखड्यांबरोबर त्याच कपाटात ठेवावी.