मॅडम, रन होतंय, पण...

सकाळी ७.१५

शिपाईमामांनी लॅबचं कुलूप काढलं की आधी मेन स्विच, मग यूपीएस, मग एकेक मशीन. तालुक्याच्या गावात ऑगस्ट महिन्यात लाइटचा भरवसा नसतो. यूपीएस कोकलायला लागला की 'सेव्ह करा रे' म्हणून ओरडायचं, हे नेमणूकपत्रात न लिहिलेलं माझं काम. आज एफवाय बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दोन्ही बॅचेस आहेत. चालू मशीन कमी, मुलं जास्त, त्यामुळे काही ठिकाणी एका कीबोर्डावर दोघं बसणार. त्यातला एक टाइप करतो आणि दुसरा मान डोलावतो. मी दर अर्ध्या तासाने त्यांची खुर्ची बदलते, ते दोघांनाही आवडत नाही.

आता सगळीकडे लिनक्स आहे. काळा टर्मिनल, जीसीसी कंपायलर. आधी निळ्या पडद्याचा टर्बो सी होता. बोरलँड कंपनीने तो १९८७ मध्ये डॉससाठी काढला आणि आपल्याकडची कॉलेजं जग पुढे गेल्यावरही तो डॉसबॉक्समध्ये घालून चालवत राहिली. त्यात पूर्णांकाला दोनच बाइट मिळायचे. ३२७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर यायचं उणे ३२७६८. काही जुने सहकारी अजून त्या निळ्या पडद्याची आठवण काढतात. मी काढत नाही.

७.४५

लेक्चर. समोर बसलेल्यांपैकी बरेच दहावीपर्यंत मराठी माध्यमातले. एमएस-सीआयटी जवळजवळ सगळ्यांचं झालेलं, म्हणजे वर्ड येतं, एक्सेलमध्ये बेरीज येते, माउस धरता येतो. प्रोग्रॅम कुणी लिहिलेला नाही.

आज लूप. त्याआधी फळ्यावर एक ओळ: ए = ए + १. मागच्या बाकावरून हात वर. "मॅडम, दोन्हीकडचा ए गेला तर शून्य बरोबर एक होतं." बारावीचं गणित अजून ताजं आहे, आणि त्याचं म्हणणं गणितात शंभर टक्के बरोबर आहे. इथे मात्र ती बरोबरीची खूण म्हणजे हुकूम आहे: उजवीकडचं आधी मोजायचं आणि मग डावीकडच्या नावाखाली ठेवायचं. ए ही पाटी समजा. नवं लिहायचं तर जुनं पुसलं जाणार, आणि पुसलेलं पुन्हा वाचता येणार नाही. म्हणूनच दोन पाट्यांवरचे आकडे आपसात बदलायचे तर तिसरी पाटी लागते. हे पटायला वीस मिनिटं जातात आणि ती घालवावीच लागतात. ज्याला हे पटलं नाही तो पुढे सगळं पाठ करतो.

मग कोष्टक. आय एकपासून चारपर्यंत जातो आणि प्रत्येक फेरीत बेरीज वाढते. एक रकाना आयचा, एक बेरजेचा, प्रत्येक फेरीला एक ओळ. मुलांना ओळी भरायच्या नसतात. "दहा!" असा गजर होतो. दहा बरोबर आहे. मी विचारते, "लूप संपल्यावर आय किती?" सगळ्यांचं एकमुखी उत्तर चार. कोष्टकाची शेवटची ओळ भरून घेतली की दिसतं, पाच. आय पाच झाला, अट खोटी ठरली, म्हणून तर लूप थांबला. वर्ग जरा शांत होतो. तोंडी उत्तर बरोबर देणाऱ्यांच्याही डोक्यात यंत्र वेगळंच चाललेलं असतं, ते असं कोष्टक भरल्याशिवाय मला दिसत नाही आणि त्यांनाही दिसत नाही.

९.००

ए बॅचचं प्रॅक्टिकल. पहिली दहा मिनिटं लॉगिन, विसरलेले पासवर्ड, हललेल्या केबली. मग सुरू.

"मॅडम, एरर येतेय."

"काय लिहिलंय?"

"माहीत नाही, एरर आहे."

एरर वाचायची असते हेच मुळात कुणी सांगितलेलं नसतं. लाल अक्षरं दिसली की हात आपोआप मागे जातो. मी मोठ्याने वाचायला लावते, अडखळत का होईना. कंपायलर म्हणतो अकराव्या ओळीच्या आसपास अर्धविराम हवा होता. मुलगा अकरावी ओळ डोळे फाडून बघतो, तिथे सगळं ठीक. चूक दहाव्या ओळीच्या शेवटी आहे. अकरावी ओळ सुरू होईपर्यंत, आधीचं वाक्य संपलं नाही हे कंपायलरला कळायला मार्ग नव्हता. हे एकदा उमगलं की मुलं 'एक ओळ वर बघ' असं एकमेकांना सांगायला लागतात. ही खरी प्रगती.

दुसऱ्या रांगेत एकाच्या पडद्यावर एररची माळ: 'स्ट्रे बॅकस्लॅश ३४२'. असं काही मला दिसलं की विचारते, "कुठल्या नोट्समधून उचललंस?" वर्डमध्ये लिहून पीडीएफ केलेल्या नोट्समध्ये अवतरणचिन्हं गोल, वळणदार होतात. वाचायला छान. पण कंपायलरला सरळ चिन्ह लागतं. वळणदार चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि त्यातल्या पहिल्या बाइटालाच कंपायलर ठेचकाळतो. प्रोग्रॅम स्वतः टाइप केला असता तर हे झालंच नसतं, एवढंच बोलून मी पुढे जाते.

खिडकीजवळची मुलगी वैतागलेली. "मॅडम, मी बदललं तरी तेच उत्तर येतंय." फाइलमध्ये खरंच बदललंय, सेव्हही केलंय. पण पुन्हा कंपाइल केलेलं नाही. ती मघाचीच तयार फाइल, ए डॉट आऊट, परत परत चालवतेय. आपण लिहिलेला मजकूर आणि यंत्र चालवतं ती फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात आकृती काढून दिलेलं असतं. कळतं ते मात्र असं, तिसऱ्यांदा तेच उत्तर आल्यावर.

आणि मग आजचा मुख्य प्रोग्रॅम: फॅरनहाइटचं सेल्सिअस. हा सगळ्यांच्या वाट्याला येतो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'मध्ये तो पहिल्याच प्रकरणाच्या स्वाध्यायात आहे. सूत्र सगळ्यांना पाठ: पाच भागिले नऊ, गुणिले फॅरनहाइट वजा बत्तीस. प्रोग्रॅम कंपाइल होतो. एकही एरर नाही. २१२ दिले, उत्तर शून्य. ९८.६ दिले, शून्य. एकाने १० टाकून बघितले तर उणे शून्य. तो उठून मला बोलवायला आला, "मॅडम, रन होतंय, पण..."

हा 'पण' मला फार आवडतो. इथपर्यंत सगळं भांडण कंपायलरशी होतं. आता यंत्र निमूटपणे सांगितलेलं करतंय आणि सांगितलेलंच चुकलंय. पाच आणि नऊ दोन्ही पूर्णांक आहेत, म्हणून सी भाषेत त्यांचा भागाकारही पूर्णांकच येणार, म्हणजे शून्य. शून्याला कशानेही गुणा. (वजा आलेल्या संख्येने गुणलं की दशांशातल्या शून्याला उणे चिन्ह चिकटतं, तो त्या १० वाल्याचा नमुना.) कर्निहॅन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात नेमका हाच खड्डा पहिल्या प्रकरणात दाखवलाय: नुसतं पाच भागिले नऊ लिहिलं तर शून्यच येणार. भाषा बनवणाऱ्या रिचींनीच तेव्हा सांगून ठेवलं, तरी दर वर्षी दर बॅच या खड्ड्यात उतरते. उतरू द्यावी. मी सूत्र दुरुस्त करून देत नाही. "कागदावर फक्त पाच भागिले नऊचं काय झालं ते लिही," एवढंच सांगते.

शेवटच्या रांगेत दोन मशीनवर एकच प्रोग्रॅम, दोन उत्तरं. एकीकडे बेरीज बरोबर, दुसरीकडे ३२ हजारांहून काहीतरी जास्त. दोघांचं भांडण जुंपलेलं, दोघंही मशीनला दोष देतात. बेरजेच्या चलाला सुरुवातीला शून्य दिलेलाच नाही. मेमरीत आधीचं जे काही पडलं होतं त्यावर बेरीज चढली, एकाच्या नशिबाने तिथे शून्य होता. "पण मॅडम, बेरीज शून्यापासूनच सुरू होणार ना? एवढं तर त्याला कळतं!"

११.००

चहा. स्टाफरूममध्ये जर्नल तपासायचा गठ्ठा. विद्यापीठाच्या लॅबबुकात दर असाइनमेंटखाली शून्य ते पाच अशी श्रेणी छापलेली आहे: शून्य म्हणजे केलंच नाही, पाच म्हणजे उत्तम. गठ्ठ्यातल्या सगळ्यांना चार किंवा पाच द्यावे लागतील, कारण प्रोग्रॅम सगळ्यांचे बरोबर आहेत. एकाच चुकीच्या स्पेलिंगसह बरोबर. हल्ली काहींचे तर गरजेपेक्षा जास्त नीटनेटके, इंग्रजी टिपांसह, ते चॅटजीपीटीचे. कुणी कुठून आणलं याचा तपास मी करत नाही. तोंडी परीक्षेत त्याच प्रोग्रॅममधली एक ओळ बदलून कोष्टक भरायला देते.

समोरचे सर म्हणाले, "आपल्या पोरांचं इंग्रजी कच्चं, म्हणून अडतं." मला ते पटत नाही. बेनेडसेन आणि कॅस्परसेन या दोघांनी २००७ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या विद्यापीठांची माहिती गोळा केली, तेव्हा प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या कोर्समध्ये साधारण एक तृतीयांश मुलं पार पडत नाहीत असं दिसलं. त्यात इंग्रजी मातृभाषा असलेलेही होते. आणि रॉय पी यांनी १९८६ मध्येच नवशिक्यांच्या चुकांच्या मुळाशी एक समज दाखवून दिली होती: यंत्राच्या आत कुठेतरी एक समजूतदार मन बसलंय आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळतं. मघाचं 'एवढं तर त्याला कळतं' हे शुद्ध मराठीत होतं. माणसाशी बोलताना आपण निम्मं ऐकणाऱ्यावर सोडतो आणि ते चालतं. अठरा वर्षं चाललेलं असतं.

सरांनी कप ठेवला. "तरी इंग्रजी पाहिजेच." पाहिजेच, यात वाद नाही.

११.३०

बी बॅच. तीच असाइनमेंट, तेच शून्य. ए बॅचने जाताना उत्तर सांगून ठेवल्यामुळे निम्म्यांनी आधीच ५ च्या जागी ५.० लिहिलंय. "का लिहिलं?" "असंच लिहायचं असतं." मध्येच लाइट गेली, यूपीएस कोकलला, मी ओरडले.

१.३०

डबा.

२.००

नियमाप्रमाणे लॅब रिकामी. साडेतीनच्या एसटीपर्यंत थांबावं लागणारी चार-पाच जणं तिथेच बसतात. सकाळची खिडकीजवळची मुलगी त्यातलीच. तिच्याकडे लॅपटॉप नाही. घरी वडिलांचा फोन रात्री मिळतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे सी भाषेचे धडे मराठी निवेदनासह आहेत, ते ती हेडफोन लावून ऐकते आणि बरोबरीने टाइप करते. हाताला वळण लागायला ते उत्तम आहे. पण बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं, हा त्यातला धोका. म्हणून मी तिच्यासमोर वही सरकवते आणि मॉनिटर बंद करते. क्रमगुणिताचा प्रोग्रॅम, पाचपर्यंत, सहा ओळींचं कोष्टक. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत भरते, एकदा खोडते. गुणाकाराचा चल तिने शून्यापासून सुरू केला होता, त्यामुळे तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं शून्यच. तिचं तिलाच दिसलं. एक केला. मी काही बोलले नाही.

४.००

प्रॅक्टिकल परीक्षेच्या स्लिपा काढायचं काम. एकसारख्या अवघड निघाव्यात म्हणून डोकेफोड. ज्याला 'मूळ संख्या ओळखा' आली तो सुटला आणि ज्याला चांदण्यांचा त्रिकोण आला तो अडकला, असं व्हायला नको. चांदण्यांचे त्रिकोण या देशात एवढे का छापले जातात याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. दोन काढून टाकले.

रात्री ९.४०

फोन वाजला. वडिलांच्या नंबरवरून मेसेज, पडद्याचा तिरका फोटो. फोनच्या ब्राउझरवर ऑनलाइन कंपायलर उघडून तिने क्रमगुणित पाचच्या पुढे चालवलंय. बाराचं आलं ४७९००१६००. तेराचं आलं १९३२०५३५०४.

"मॅडम, १३ चं चुकलंय का? पाचपासून पुढे सगळ्यांच्या शेवटी शून्य आहे. याला नाही. १० ने गुणलंय ना आधीच, मग शून्य जाईल कसं?"

एररचा एक शब्द नव्हता पडद्यावर, आणि उत्तर दिसायला अगदी खऱ्यासारखं. मी लिहिलं: बरोबर पकडलंस. चार बाइटांच्या पूर्णांकात साधारण दोनशे चौदा कोटींपर्यंतच मावतं. तेराचं क्रमगुणित सहाशे बावीस कोटींच्या वर आहे, वरचं सांडलं. लाँग लाँग वापर, छापायची खूणही बदल, आणि २० पर्यंत जाऊन बघ.

दहा मिनिटांनी: "२० आलं. शेवटी शून्य आहेत. २१ ला उणे आलं."

"तिथे आठ बाइटही संपतात."

"मग २१ कसं काढायचं?"

"एकेक अंक वेगळा ठेवून, वहीत हाताने गुणाकार करतेस तसा. त्याला ॲरे लागतो. गणपतीनंतर घेणार आहे."

"पुस्तकात कितवं प्रकरण आहे?"